विम्याचे पैसे पाण्यात?

पत्राचा सारांश : मांजरेच्या काठावरच्या एका तालुक्याच्या गावात या ताई आणि त्यांचे यजमान साड्यांचं दुकान चालवतात. गाळा भाड्याचा. राहतं घर सासूबाईंच्या नावावर. पुढच्या खोल्यांवर स्लॅब, मागे जुनं माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं छत. मुलगी नांदेडला खोली घेऊन शिकते. गेल्या सप्टेंबरात, नवरात्राच्या पहिल्या आठवड्यात, दुकानात मांडीभर पाणी शिरलं. बँकेच्या कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावरच्या खेळत्या कर्जाच्या) खात्यातून दरवर्षी विम्याचा हप्ता कापला जातो, म्हणून त्यांनी दावा केला. दुकानातल्या मालाचे ४ लाख १० हजार मागितले. १ लाख ५२ हजार मंजूर झाले, तेही परस्पर कर्जखात्यात गेले. जागा पुरत नाही म्हणून घरी ठेवलेला ९० हजारांचा माल भिजला, त्याचा एक रुपया मिळाला नाही. यजमान आता म्हणतात, पीकविम्यात जे झालं तेच इथं, विमा म्हणजे पैसे पाण्यात. आणि असा पूर पन्नास वर्षांतून एकदा, आपला भाग दुष्काळाचा. गाळामालक म्हणतात, विम्याचं तुमचं तुम्ही बघा. ताईंचा प्रश्न असा : यंदा मृग लागायच्या आत पुन्हा विमा काढावा का? काढला तर घराचा, दुकानाचा, लेकीच्या खोलीचा, कशाकशाचा काढावा?

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र मला दोनदा वाचावं लागलं. ‘मालक म्हणाले विमा नको’ आणि पुढच्याच ओळीत ‘मालक म्हणाले तुमचा तुम्ही काढा’. पहिले मालक घरचे आणि दुसरे गाळ्याचे, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. आपल्याकडे एकच शब्द दोघांनाही चालतो, त्याला इलाज नाही. पण विम्यात हा घोळ परवडत नाही. तिथं पहिला प्रश्नच असतो, कोणती वस्तू कुणाची? भिंत कुणाची, भिंतीला ठोकलेलं फर्निचर कुणाचं, फर्निचरमधला माल कुणाचा? ज्याचं नुकसान होणार, विमा त्यानं काढायचा. तेव्हा गाळामालक तुटकपणे बोलले असतील, पण चुकीचं बोलले नाहीत. त्यांच्या विम्यातून त्यांची भिंत उभी राहील, तुमची एक साडी भरून मिळणार नाही.

आता तुमची खरी जखम. चार लाख दहा हजारांचे दीड लाख कसे झाले? तुम्ही पाठवलेला हिशेबाचा कागद मी पाहिला. पंचवीस वर्षं मी विमा शाखेत, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काढली आहेत, त्यामुळे असे कागद वाचायची सवय आहे. तुमचे पैसे तीन ठिकाणी गळले.

पहिली गळती किमतीची. तुम्ही साड्यांची किंमत विक्रीच्या भावानं लावली. मालाचा विमा खरेदीच्या भावावर चालतो, न विकलेल्या साडीवरचा नफा त्यात धरत नाहीत. शिवाय भिजलेल्या साड्या अगदीच मातीमोल नव्हत्या. धुऊन, वाळवून सेलमध्ये काही रक्कम येणारच होती. ती नुकसान मोजायला आलेल्या सर्वेअरनं वजा केली. असं करून त्यानं नुकसान ३ लाख २० हजार ठरवलं. हे मला फार वावगं वाटलं नाही.

दुसरी गळती मोठी. तुमच्या मालाचा विमा किती रुपयांचा होता? आठ लाखांचा. का, तर तुमच्या कॅश क्रेडिटची मर्यादा आठ लाख. बँकेनं आपल्या कर्जापुरता विमा उतरवला; दुकानात माल किती आहे, हे बघायची तिला गरज वाटली नाही. आणि पाणी शिरलं तेव्हा माल किती होता? घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, दसरा-दिवाळीची खरेदी येऊन पडलेली. सर्वेअरनं पुस्तकावरून काढलेला आकडा सोळा लाख. म्हणजे निम्म्या मालाचा विमा. अशा वेळी कंपनी म्हणते, निम्मा विमा तर निम्मी भरपाई. उरलेल्या निम्म्याची विमा कंपनी तुम्हीच. तीन लाख वीस हजारांचे एक लाख साठ हजार झाले. त्यातून पाच टक्के, म्हणजे आठ हजार, पॉलिसीतली सक्तीची वजावट. उरले एक लाख बावन्न.

याला कमी विमा असणं म्हणतात आणि दुकानदारांच्या दाव्यांत सगळ्यात जास्त रडारड याचीच असते. सगळा माल एका वेळी थोडाच बुडतो, मग अर्ध्याचाच विमा पुरे, असं प्रत्येकाला वाटतं. सरळ व्यवहारज्ञानाला ते पटतंही, पण पॉलिसीला पटत नाही. छोट्या व्यवसायांच्या पॉलिसीत एक सवलत आहे : विमा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडला, तर ही कपात करत नाहीत. तुमचा विमा १३ लाख ६० हजारांचा असता, तर पूर्ण तीन लाख वीस हजार धरून त्यातून फक्त वजावट गेली असती. हप्त्यातला फरक काढून बघा, एका पैठणीच्याही आत बसेल.

इथं एक गोष्ट तुमच्या कानात सांगतो, कारण ती तुमच्यासारख्या शेकडो दुकानांत चालते. उचल वाढावी म्हणून दर महिन्याला बँकेत द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल जरा फुगवून लिहिला जातो. बारा लाखांचा माल असला तरी कागदावर सोळा. त्या वेळी बरं वाटतं. पण पुरानंतर सर्वेअर पहिली मागणी करतो ती त्याच कागदाची. मग खरा माल सांगितला तर बँकेत खोटे ठरता, कागदावरचा धरला तर विमा कमी पडतो. तुमचा सोळा लाखांचा आकडा खरा होता की बँकेपुरता, ते तुम्हालाच माहीत. मी विचारत नाही.

तिसरी गळती घरी ठेवलेल्या मालाची. पॉलिसीवर पत्ता फक्त गाळ्याचा होता. विमा मालाचा असतोच, पण ‘अमुक जागी असलेल्या’ मालाचा. तोच गठ्ठा रस्ता ओलांडून घरात गेला की पॉलिसीच्या बाहेर गेला. याचा राग तुम्ही कंपनीवर काढलाय. माझ्या मते निम्मा तरी त्या बँकेवर काढायला हवा. वर्षानुवर्षं हप्ता कापला, पण पॉलिसीची प्रत एकदाही हातात दिली नाही. आणि थोडा स्वतःवरही, कारण आपणही कधी मागितली नाही.

आता यजमानांचं म्हणणं. ते रागात बोलतात, पण त्यांचा राग कुठून आला ते मला कळतं. मराठवाड्यात विमा हा शब्द उच्चारला की डोळ्यासमोर पीकविमाच येतो. एक रुपयात अर्ज, सीएससी केंद्रापुढच्या रांगा, तक्रार नोंदवायचे बहात्तर तास, आणि शेवटी खात्यात आलेली चेष्टा. २०२५च्या खरिपात तर एक रुपयाही गेला आणि शेतातल्या स्थानिक नुकसानीवर भरपाईची तरतूदही गेली. राहिलं ते महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न. तुमचं शेत वाहून गेलं तरी मंडळाचा आकडा काय म्हणतो, यावर सगळं. त्या अनुभवातून आलेला माणूस विम्यावर विश्वास ठेवील कसा?

पण घराच्या आणि दुकानाच्या विम्यात मंडळ नाही, सरासरी नाही, पैसेवारी नाही. शेजारच्या दुकानात थेंब शिरला नसेल आणि तुमच्याकडे मांडीभर पाणी असेल, तरी तुमचा दावा उभा राहतो. हा तुमचा आणि कंपनीचा करार आहे. म्हणून त्यात शासनाच्या दयेचा भाग नाही, आणि म्हणूनच कागदावर जे लिहिलंय त्याच्या पलीकडे कुणाची दयाही नाही.

सरकारी मदतीचंही बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकडा मोठा दिसतो. पण आपत्तीच्या निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार आणि पक्क्या घराची थोडी पडझड झाली तर साडेसहा हजार रुपये धरलेले होते. साडेसहा हजारांत आज गवंडी किती दिवस मिळतो? मदत जरूर घ्यावी, पंचनामा करून घ्यावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी, कारण विम्याच्या दाव्यालाही ती उपयोगी पडते. पण मदत म्हणजे भरपाई नव्हे.

राहिलं दुष्काळाचं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरलं, तेही पाहिलंय. आपला भाग कोरडा आहे हे खरं, पण कोरड्या भागात पाऊस हप्त्याहप्त्यानं येत नाही, एकरकमी येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव रात्रीतून पाण्यात गेली. महिन्याभरानं धाराशिव, बीड, लातूर, जालना. आधीच भिजलेली काळी माती पुढचा पाऊस पीत नाही, ओढ्यांवर बांधकामं झालीत, आणि वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या गावाला मोजून काही तास मिळतात. ‘पन्नास वर्षांतून एकदा’ म्हणजे पुढची एकोणपन्नास वर्षं सुट्टी, असा अर्थ यजमान काढत असतील तर त्यांना एवढंच विचारा, पैठणला २००६ मध्ये पाणी शिरलं आणि पुन्हा २०२५ मध्ये गाव हलवायची वेळ आली, त्यात पन्नास वर्षं कुठं बसतात?

बरं. मग काय करायचं?

घरापासून. घर सासूबाईंचं, तेव्हा पॉलिसी सासूबाईंच्या नावावर. तुम्ही हप्ता भरा, पण नाव त्यांचंच असू द्या. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. शर्ती सगळीकडे सारख्या, हप्ता मात्र कंपनीगणिक वेगळा. म्हणून तीन ठिकाणी विचारा. पूर आणि पाणी साचणं त्यात मूळचंच आहे, वेगळं जोडावं लागत नाही. आग, वीज, वादळ आहे, भूकंपही आहे. आपल्या भागात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणाऱ्या माणसाला भूकंप का हवा, हे सांगायला नको.

रक्कम ठरवताना जागेची किंमत धरू नका, जागा काही वाहून जात नाही. आतलं क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढंच. आठशे चौरस फूट आणि अठराशे रुपये दर धरला तर १४ लाख ४० हजार. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला आपोआप वीस टक्के संरक्षण मिळतं, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत. तुमच्या बाबतीत २ लाख ८८ हजार. फ्रिज, टीव्ही, कपाटं, गाद्या त्यात येतील. याहून जास्त हवं तर यादी देऊन वाढवता येतं. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण मागून घ्यावं लागतं. दुकानात निम्म्या विम्याची जी कपात झाली, ती या घराच्या पॉलिसीत करत नाहीत, हा मोठा दिलासा. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याची तरतूद आहे. आणि पूर ओसरल्यावर उघड्या घरातून चोरी झाली, तर सात दिवसांपर्यंतची चोरीही त्यात धरतात. हे फार जणांना माहीत नसतं. हप्ता छोट्या घराला वर्षाला काही शे रुपयांपासून एखाद-दोन हजारांपर्यंत येतो.

अडचण आहे ती मागच्या माळवदाची. पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर लाकूड-माती, हे अर्जात स्वच्छ लिहा. एजंट म्हणेल, ‘सगळं आरसीसीच टाकू, कोण बघतंय?’ आज कोणी बघणार नाही, दाव्याच्या दिवशी सर्वेअर बघेल. कंपनी माळवदाला नाही म्हणाली तर पुढच्या खोल्यांचाच विमा घ्या, पण खोटं लिहू नका. दुसरं असं, की पुराचं पाणी घरात शिरून भिंत बसली तर तो पूर. चार दिवसांच्या झडीनं वरून मुरत मुरत भिंत फुगली आणि ढासळली, तर तो पूर की देखभालीचा अभाव, यावर वाद होतो. स्लॅबची गळती आणि भिंतीची ओल यांचे पैसे मिळत नाहीत. माळवदाच्या घरांची पडझड बहुतेक वेळा अशीच होते, म्हणून हा प्रश्न पॉलिसी घेण्याआधी कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एजंटचं तोंडी ‘हो’ पावसाळ्यापर्यंतच टिकतं.

घरातला दुकानाचा माल मात्र या पॉलिसीत येणार नाही. तो घरात असला तरी धंद्याचा आहे.

लेकीची खोली. भाडेकरूला भिंतीविना फक्त सामानाचा विमा घेता येतो. तरी तुम्हाला सांगतो, तिच्यासाठी घेऊ नका. एक लॅपटॉप, एक गादी, पुस्तकं, कपडे. त्यासाठी अर्ज-कागद करण्यापेक्षा तिला खोली तळमजल्यावर घेऊ देऊ नका, आणि नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की लॅपटॉप आणि मूळ कागदपत्रं एका पिशवीत घालून वरच्या मजल्यावर न्यायला सांगा. तिची स्कूटी असेल तर तिचा विमा नुसता थर्ड पार्टी आहे का बघा. त्यात पुरानं बुडालेल्या गाडीचं काही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तरी पाण्यातून काढल्यावर लगेच किक मारायची नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं की कंपनी ते तुमच्या चुकीत ढकलते.

ज्यांचा अख्खा संसार भाड्याच्या घरात आहे, चार-पाच लाखांचं सामान आहे आणि घर ओढ्याकाठी आहे, त्यांनी मात्र सामानाचा विमा जरूर घ्यावा. घरमालकाच्या पॉलिसीतून आपल्या फ्रिजचे पैसे मिळतील, अशी समजूत असते. मिळत नाहीत.

आता दुकान. तुमच्यासारख्यांसाठी, म्हणजे एका जागेवरची सगळी मालमत्ता पाच कोटींच्या आत असेल त्यांच्यासाठी, ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. मघाची पंधरा टक्क्यांची सवलत याचीच. बँकेला लेखी कळवा, की विमा आम्ही स्वतः काढून प्रत देतो. बहुतेक शाखा ऐकतात. त्यांना त्यांचं नाव पॉलिसीवर हवं असतं, एवढंच. बँकेचं नाव असलं की दाव्याचे पैसे आधी कर्जखात्यात जाणार, तो प्रकार टळत नाही. पण रक्कम किती, पत्ते कोणते, काय काय धरायचं, हे निदान तुमच्या हातात येईल.

रक्कम उन्हाळ्यातल्या मालावर ठरवू नका. आपल्याकडचा खरा धोका उत्तरा-हस्ताच्या पावसाचा, आणि साडीच्या दुकानात माल सगळ्यात जास्त असतो तोही तेव्हाच. एकतर वर्षभर दिवाळीच्या मालाइतका विमा ठेवा, नाहीतर गणपती उठले की कंपनीला सांगून रक्कम वाढवून घ्या. हे काम अंगणात पाणी आल्यावर होत नाही. पत्ते दोन टाका, गाळा आणि घरची ती खोली. फर्निचर, काउंटर, इन्व्हर्टर, संगणक, तुम्ही स्वखर्चानं केलेलं पीओपी, हे सगळं वेगळ्या ओळीत लिहा. बँकेच्या पॉलिसीत ते नव्हतंच, म्हणून प्लायवूड फुगून गेलं त्याचं काही मिळालं नाही. तळघर असेल त्यांनी विचारावं, तळघरातल्या मालाला काही अट आहे का. काही पॉलिसींत माल जमिनीपासून उंच ठेवायची अट असते, आणि ती नसली तरी खालचा गठ्ठा फरशीवर ठेवायचा हा आपला निष्काळजीपणा सोडलेला बरा. सहा इंचांच्या लाकडी घोड्या सुतार दिवसभरात करून देतो.

दुकान महिनाभर बंद राहिलं, त्या काळातला बुडालेला नफा साध्या पॉलिसीत येत नाही. त्याचा वेगळा विमा असतो. तुमच्या आकाराच्या दुकानाला तो घ्याच, असं मी म्हणणार नाही. आधी मालाचा विमा तरी पुरा होऊ द्या.

दाव्याबद्दल एक जुना प्रसंग सांगतो. नोकरीत असताना मी सर्वेअरबरोबर एका कृषी सेवा केंद्रात गेलो होतो. पाणी उतरून चार दिवस झाले होते. दुकानदार म्हणाला, युरियाच्या दीडशे बॅगा गेल्या. सर्वेअर म्हणाला, दाखवा. दुकान लख्ख धुतलेलं. युरिया पाण्यात विरघळून गेला आणि रिकाम्या गोण्या दुकानदारानं घाण नको म्हणून नगरपालिकेच्या ट्रॅक्टरमध्ये टाकल्या. बिलं होती, पण माल पुराच्या दिवशी दुकानातच होता, विकला गेला नव्हता, हे सिद्ध कशानं करणार? तो दावा फार थोडक्यात मिटला. साखर, मीठ, गूळ, खत विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं : माल विरघळतो, पण पोतं उरतं. ते पोतं हाच पुरावा.

म्हणून पाणी उतरल्यावर झाडू हातात घेण्याआधी मोबाइल हातात घ्या. भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्या शेजारी उभा धरलेला टेप, प्रत्येक कप्पा, प्रत्येक गठ्ठा, यांचा फोटो. कंपनीला त्याच दिवशी कळवून दावा क्रमांक घ्या. नंतर ओला माल आणि सुका माल वेगळा करा, वाळवता येईल ते वाळवायला घाला. नुकसान वाढू नये म्हणून धडपडणं हे तुमचं काम मानलं जातं, ते केलं नाही तर कंपनी त्यावर बोट ठेवते. पण सर्वेअर येऊन जाईपर्यंत काही फेकू नका आणि विकू नका. खरेदीची बिलं, जीएसटी रिटर्न यांच्या प्रती मोबाइलमध्ये आणि दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे आधीच असू द्या. वह्या दुकानातच भिजल्या, हे मी किती वेळा ऐकलंय त्याची गणती नाही. आणि भिजलेल्या मालावर घेतलेल्या जीएसटी क्रेडिटचं काय करायचं, ते तुमच्या सीएला विचारा. तो माल गेला की ते क्रेडिट परत करावं लागतं.

शेवटी तुमचा मागचा दावा. १ लाख ५२ हजार हा आकडा ढोबळमानानं पॉलिसीला धरून आहे, असं माझं मत. घरच्या ९० हजारांसाठी भांडून फार काही हाती लागेलसं वाटत नाही. मात्र सोळा लाख हा मालाचा आकडा सर्वेअरनं कशावरून धरला, हे बघण्यासारखं आहे. तो नुसत्या बँकेच्या स्टेटमेंटवरून धरला असेल आणि तुमची खरेदी-विक्रीची पुस्तकं बारा लाख दाखवत असतील, तर निम्म्याऐवजी दोनतृतीयांश भरपाई निघते, म्हणजे वजावटीआधी दोन लाख तेरा हजारांच्या आसपास. आधी सर्वे रिपोर्टची प्रत मागा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. फी नाही, वकील लागत नाही, एकट्या मालकीच्या दुकानाचीही तक्रार घेतात आणि पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा होतो. कंपनीच्या उत्तरानंतर वर्षाच्या आत जायला हवं. पण त्या वेळी फुगवलेल्या स्टेटमेंटचा प्रश्न समोर येणार, याची तयारी ठेवूनच पाऊल टाका; बँकही ते वाचेल.

तुम्ही पॉलिसीचे जे फोटो पाठवलेत त्यात पहिलं पान आणि चौथं पान आहे. मधली दोन नाहीत. बाकीच्या अटी त्याच पानांवर असतात. सोमवारी बँकेत लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या, आणि पानं मिळाली की मला पाठवा. सोबत दुकानाचं मार्च ते सप्टेंबरचं खरेदी रजिस्टर पाठवलंत तर बारा की सोळा, तेही बघून सांगतो.